मिळवती आई, लोकांचे बोल आणि घराचा हिशेब

(शिक्षिका, ग्रामसेविका, अंगणवाडी सेविका आणि पंचायत सदस्य यांच्या तालुका मेळाव्यात एका निवृत्त शिक्षण विस्तार अधिकारी बाईंनी केलेले भाषण)



निमंत्रणपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'नोकरी करणाऱ्या मातांच्या समस्या' असा छापला आहे. या शब्दरचनेत थोडी दुरुस्ती सुचवून मी प्रारंभ करते. आईने मिळवते असणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. कोकणात भाताच्या लावणीला, देशावर खुरपणीला, विदर्भात कापूस वेचणीला बाई पूर्वापार जात आली आहे. तान्हे मूल बांधावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीत ठेवून ती ओळ धरीत असे. मुंबईच्या कापड गिरण्यांत वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत बायका होत्या. गिरणगावात दहा-पंधरा कामगारांच्या जेवणाची खानावळ चालवून संसार ओढणाऱ्या बायका होत्या. डोक्यावर पाटी घेऊन दारोदार फिरणारी कोळीण होती. या बायकांना 'तुम्ही कामावर गेल्यावर मुलाकडे कोण पाहते?' असे कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

हा प्रश्न विचारला जाऊ लागला तो बाई खांद्याला पर्स लावून बसथांब्यावर उभी राहिली तेव्हापासून. झोळीतल्या मुलाला उन्हाचा त्रास पाळणाघरातल्या मुलापेक्षा कमी होत होता असे नाही. मग फरक कोठे पडला? फरक पडला तो बाईच्या नावाने पगारपत्रक निघू लागले येथे. तिच्या नावाने हजेरी, तिच्या नावाने वेतन, तिच्या नावाने भविष्यनिर्वाह निधी. म्हणून मला असे वाटते की, मुलाच्या काळजीचे निमित्त करून जे बोलले जाते त्यातील पुष्कळसे बोलणे वस्तुतः पैशाविषयीचे असते. लोकांचे बोल आणि घराचा हिशेब हे दोन विषय मी आज एकत्र घेतले आहेत ते याच कारणासाठी.

प्रथम बोलांविषयी. मुलगा परीक्षेत मागे पडला तर आईची नोकरी नडली. मुलगा पहिला आला तर वडिलांचे लक्ष होते म्हणून आला. बाई नोकरी सोडून घरी बसली तर 'शिकून उपयोग काय झाला?' आणि नोकरीवर राहिली तर 'पैशाची एवढी काय हाव?' मूल तापाने फणफणले असताना बाई शाळेत गेली तर निर्दय, आणि रजा टाकून घरी राहिली तर कार्यालयात शेरा: 'बायकांना नेमले की हेच व्हायचे.' वडील त्याच दिवशी त्याच तापातल्या मुलाला सोडून कामावर गेलेले असतात. त्यांच्याविषयी कोणी अवाक्षर काढीत नाही.

हे बोलणारे कोण, तर शेजारीपाजारी आणि सासू असे उत्तर आपण चटकन देतो. सासूवर सगळे ढकलून मोकळे होणे मला मान्य नाही. ज्या घरांत पाळणाघर नाही तेथे मूल सांभाळते कोण? साठी उलटलेली, गुडघे दुखत असलेली आजीच ना? तिला वेतन नाही, सुटी नाही, आणि 'आजीने लाडावून ठेवले' हा ठपकाही तिच्याच माथी. तिच्या तोंडून कडू शब्द निघतो तेव्हा तो पुष्कळदा थकव्याचा शब्द असतो. तिला महिन्यातून दोन-चार दिवस पूर्ण मोकळे द्यावेत, औषधपाण्याचा खर्च न मागता करावा, म्हणजे त्या घरातले बोलणे कितीतरी निवळते असा माझा अनुभव आहे.

खरे सांगावयाचे तर बोलणाऱ्यांत या सभागृहातील आपण पुष्कळजण आहोत. गृहपाठ अपुरा राहिला की 'आई नोकरी करते वाटते?' असे वर्गात सर्वांसमक्ष विचारणारे शिक्षक मी तपासणीच्या निमित्ताने पाहिले आहेत. पालकसभा दुपारी तीन वाजता ठेवावयाची आणि न आलेल्या आईची नोंद 'पालक उदासीन' अशी करावयाची, हा तर अनेक शाळांचा शिरस्ता आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मुलाच्या नावापुढे आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लिहिण्याचा निर्णय घेतला. दाखल्यावर आईचे नाव आले ही चांगली गोष्ट झाली. परंतु पालकसभेची वेळ ठरविताना तिचे कामाचे तास कोणी विचारात घेतो का?

आता या बोलण्याला उत्तर कसे द्यावे? माझा सल्ला असा की, बोल ऐकताच उलट उत्तर देऊ नये आणि रडतही बसू नये. तो चाळून घ्यावा. 'तुझे पोर दोन दिवस खोकते आहे, तुला पत्ता तरी आहे का?' या वाक्यात टोचणी आहे, पण उपयोगाची माहितीही आहे. माहिती घ्यावी, टोचणी सोडून द्यावी. निव्वळ चहाडी असेल तेथे उत्तराची गरज नाही. तितका वेळ मिळवत्या बाईजवळ नसतोही. परंतु ज्या बोलण्याने हक्कावर गदा येते तेथे मात्र गप्प राहू नये. 'बाळंतपणाची रजा इतकी कशाला?', 'दिवस गेले आहेत तर राजीनामाच द्या ना' असे वरिष्ठ सहज बोलल्यासारखे बोलतात. तेथे तोंडी वाद घालू नये. अर्ज लिहावा, आवक क्रमांक घ्यावा, प्रत जपून ठेवावी.

कारण ही रजा कोणाच्या मेहेरबानीने मिळालेली नाही. मुंबई इलाख्यात प्रसूतिविषयक कायदा १९२९ साली झाला. १९२८ साली कायदे कौन्सिलात त्या विधेयकाच्या बाजूने बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी असे मांडले होते की, प्रसूतीच्या आधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून त्याचा भार मुख्यतः शासनाने उचलला पाहिजे. पुढे १९६१ साली देशव्यापी मातृत्व लाभ कायदा झाला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर असावे, आईला दिवसातून चार वेळा तेथे जाऊ द्यावे, अशी तरतूद झाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत याच तरतुदी घेतल्या आहेत. राज्य शासनाच्या सेवेतील स्त्रियांना २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजाही आहे. किती भगिनींनी तिचा लाभ घेतला आहे? हात थोडे वर आले. ज्यांना ठाऊक आहे त्यांतील काहीजणी 'लोक काय म्हणतील' या भयाने अर्ज करीत नाहीत, हे मला ठाऊक आहे.

अर्थात हे कायदे पगारपत्रकावर नाव असलेल्यांचे. शेतमजूर बाईला मालक रोज बदलतो. तिने कोणाकडे अर्ज करावा? या दृष्टीने आपल्या रोजगार हमी योजनेचे स्मरण करणे उचित होईल. १९७२ च्या दुष्काळात ही योजना राज्यभर आली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि कामाच्या जागी पाणी, सावली यांबरोबर लहान मुलांना सांभाळण्याची सोयही असावी हे तत्त्व तिने मान्य केले. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यातही कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले येत असतील तर त्यांना सांभाळण्यास एका स्त्रीची नेमणूक करावी आणि तिला मजुरी द्यावी, असे म्हटले होते. कागदावर हे फार सुंदर होते. प्रत्यक्षात मातीच्या ढिगाआड पाच वर्षांची बहीण सहा महिन्यांच्या भावाला घेऊन बसलेली दिसे.

आता हिशेबाकडे वळते. मिळवत्या बाईला हमखास ऐकविले जाणारे एक वाक्य असे: 'पाळणाघर, बसचे भाडे, बाहेरचे खाणे हे वजा जाता तुझ्या पगारातून उरते तरी काय?' हे वाक्य बायकाही खरे मानतात आणि नोकरी सोडतात. त्यातील गणित तपासून पाहू. समजा, पतीचा पगार २४,००० रुपये आणि पत्नीचा १८,००० रुपये. पाळणाघराचे ४,००० आणि दोघेही बाहेर पडतात म्हणून वाढलेला इतर खर्च ३,०००, असे एकूण ७,००० रुपये धरू. हे सगळे बाईच्या पगारातून वजा केले की उरतात ११,०००. परंतु मूल एकट्या बाईचे आहे काय? पाळणाघरामुळे कामावर जाणे शक्य होते ते दोघांना. तेव्हा हा खर्च दोघांच्या मिळकतीवर, २४ ला १८ म्हणजे चारास तीन या प्रमाणात, टाकला पाहिजे. पतीच्या वाट्याला ४,००० येतात, पत्नीच्या वाट्याला ३,०००, आणि तिचे १५,००० उरतात. घरातली एकूण शिल्लक दोन्ही रीतींनी ३५,००० च आहे. बदलते ते एवढेच की बाई घरावर भार आहे की आधार, याविषयीचे घराचे मत. शिवाय या हिशेबात पुढची वेतनवाढ, सेवाज्येष्ठता, भविष्यनिर्वाह निधी हे धरलेलेच नाही. पाच वर्षे घरी बसलेल्या बाईचे नुकसान पाच वर्षांच्या पगाराएवढेच होते असे नाही. परत रुजू होताना ती सर्वांत खालच्या पायरीवर उभी असते.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे आणि ती मला अधिक गंभीर वाटते. पुष्कळ घरांत अशी वाटणी दिसते की, पतीच्या पगारातून घराचा हप्ता, जमिनीचा तुकडा, मोटारसायकल; आणि पत्नीच्या पगारातून किराणा, दूध, शाळेची फी, वीजबिल. दोघेही सचोटीने खर्च करतात, भांडण मुळीच नसते. पण वीस वर्षांनी पाहावे तर पतीच्या पैशांची घर आणि जमीन झालेली असते, पत्नीच्या पैशांच्या पावत्याही शिल्लक नसतात. अडचण आली, वैधव्य आले, घर मोडले, तर ती मोकळ्या हातांनी उभी असते. म्हणून घर दोघांच्या नावे असावे. आपल्या राज्यात गावठाणातील घराची ग्रामपंचायत दप्तरी नोंद पतिपत्नी दोघांच्या नावे करण्याचे धोरण 'घर दोघांचे' या नावाने २००३ पासून आहे, आणि २०२१ पासून स्त्रीच्या नावे घर खरेदी केल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ग्रामसेवक बंधूंना माझा प्रश्न आहे: आपल्या गावचा नमुना आठ उघडून पाहिला तर किती घरांपुढे बाईचे नाव सापडेल?

ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांची स्थिती तर याहून कठीण. बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून नवरा-बायकोची जोडी जाते. त्या जोडीला एक 'कोयता' म्हणतात. उचल मिळते ती कोयत्याला, म्हणजे दोघांना मिळून, आणि बहुधा मुकादमासमोर अंगठा वा सही होते ती पुरुषाची. बाई आजारी पडून खाडा झाला तर दंड मात्र दोघांच्या हिशेबातून कापला जातो. पहाटे अंधारात उठून भाकरी थापणारी, फडात मोळ्या बांधून डोक्यावरून वाहणारी ही आई कोणत्याही वहीत स्वतंत्रपणे दिसत नाही. उचलीच्या करारात तिचे नाव आणि तिची निम्मी रक्कम स्पष्ट लिहिली जाईपर्यंत तिला मिळवती म्हणणे हे केवळ शब्दांचे औदार्य आहे.

पगारदार बाईची वही तिची स्वतःची असते काय, हेही विचारले पाहिजे. एटीएमचे कार्ड पतीच्या खिशात, संकेतांक त्यालाच ठाऊक, आणि बसभाड्यासाठी बाई पैसे मागते, अशा शिक्षिका मला भेटल्या आहेत. तक्रार म्हणून त्या सांगत नाहीत. 'हेच बघतात सगळे' असे कौतुकाने सांगतात. हे कौतुक पतसंस्थेच्या कर्जापर्यंत येऊन पोहोचते. दिराच्या ट्रॅक्टरला, भाच्याच्या दुकानाला जामीन म्हणून बाईंची सही घेतली जाते. कारण त्यांचा पगार बिनबोभाट कापता येतो. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्याच्या १२८ व्या कलमान्वये जामीनदाराची जबाबदारी मुळात कर्जदाराइतकीच असते. 'नुसती सही तर आहे' हे वाक्य कानी पडताच लेखणी खाली ठेवावी आणि कर्जाचा कागद घरी आणून वाचावा. नात्यात वाईटपणा येईल. तो आज आला तर एकदाच येतो, वसुली सुरू झाल्यावर आला तर दर महिन्याला येतो.

येथेच लोकांच्या बोलण्याची किंमत रुपयांत मोजता येते. आपण खर्चाच्या वहीत किराणा, औषध, प्रवास असे रकाने आखतो. एक रकाना 'लोक काय म्हणतील' या नावाचा आखावा आणि त्यात प्रामाणिकपणे लिहावे. नणंदेच्या लग्नात 'तुला काय, पगार आहे' म्हणून दिलेला जादा आहेर त्या रकान्यात. दिवसभर मुलाजवळ नव्हते या टोचणीपोटी संध्याकाळी आणलेली खेळणी आणि खाऊची पुडकी त्याच रकान्यात. ऐपतीबाहेरची इंग्रजी शाळा, शेजारणीपेक्षा मोठे बारसे, हेही तेथेच. वर्षअखेरीस बेरीज करावी. पुष्कळ घरांत ही बेरीज मुलाच्या नावे टाकता आली असती त्या आवर्त ठेवीपेक्षा मोठी निघते. मुलाला खाऊच्या पुडक्यापेक्षा आईचा अर्धा तास हवा असतो हे सर्वांना ठाऊक आहे, पण अर्धा तास कोठून आणावा?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात असे आढळले की, बिनमोबदल्याचे घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात घालवितात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत स्त्रीचे काम दहा मिनिटांनी हलके झाले आणि पुरुषाचेही नऊ मिनिटांनी झाले! बंधूंनो, आपण हसलात, ठीक आहे. पण आईचा अर्धा तास या २८९ मिनिटांतच अडकलेला आहे, आणि तो सोडवून आणणे आपल्या हाती आहे.

बचतीविषयी फार विस्तार करीत नाही. त्याची पत्रके बाहेर ठेवली आहेत. तीन महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम स्वतःच्या नावे, चटकन काढता येईल अशी असावी. विमा हा विमा म्हणूनच घ्यावा. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांत तेवढाच जीवन विमा बँकेतून मिळतो. पतीने स्वतःच्या आयुष्याचा विमा १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली पत्नी-मुलांच्या नावे घेतला तर ती रक्कम त्याच्या सावकारांच्या हाती लागत नाही, ही गोष्ट शेतकरी आणि व्यापारी घरांनी ध्यानात घ्यावी. भिशीला माझा विरोध नाही, तिने अनेकांची वेळ निभावली आहे. मात्र तिच्यामागे कायद्याचे पाठबळ नाही आणि नोंद नाही. बचत गटाची नोंद असते, बँकेत पत निर्माण होते. सातारा जिल्ह्यात म्हसवड येथे १९९७ साली स्त्रियांनी स्वतःची सहकारी बँक उभी केली. तेथील प्रवर्तक स्त्रियांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून परवान्याचा पहिला अर्ज नामंजूर झाला होता. त्या अक्षरे शिकल्या आणि परत गेल्या. व्याजाचा हिशेब तर त्यांना तोंडीच येत होता.

शेवटी पाळणाघराचा प्रश्न, कारण त्याच्यावाचून बाकीचे सगळे बोलणे लटके पडते. ताराबाई मोडक पतीपासून विभक्त झाल्यावर लहान मुलीला घेऊन राजकोटला नोकरीस गेल्या होत्या. आई आणि नोकरी यांची ओढाताण त्यांनी स्वतः भोगली होती. पुढे बोर्डी आणि कोसबाडला त्यांनी शिक्षणच मुलांच्या अंगणात नेले आणि 'अंगणवाडी' हा शब्द त्या कामातून आला. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली आणि तो शब्द देशभर गेला. परंतु आपली अंगणवाडी दुपारी सुटते आणि खुरपणीची बाई दिवस मावळताना परतते. मधले चार तास मूल कोठे असते? केंद्राच्या 'पालना' योजनेत अंगणवाडीला जोडून पूर्णवेळ पाळणाघर चालविता येते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्चावयाची असते. ती बहुतेक ठिकाणी वर्षअखेरीस शिलाई यंत्रे नाही तर सतरंज्या घेऊन संपविली जाते. शिलाई यंत्रे घरोघर धूळ खात आहेत. त्याऐवजी दोन बायकांना मानधन, मुलांना दुपारचा खाऊ, चार चटया आणि एक पाळणा एवढ्यावर गावातले पाळणाघर सुरू होऊ शकेल.

ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यावयाची असते. त्या सभेत हा विषय लेखी यावा, ठराव नोंदला जावा आणि सभा बायका शेतावरून परतल्यावर भरवावी. पाळणाघराची वेळ काय असावी, सुगीत ती किती वाढवावी, तान्ह्या मुलांना कोणी सांभाळावे, याची मला येथून कल्पना करता येणार नाही. या तालुक्यातील अंगणवाडी सेविका मागच्या रांगांत बसल्या आहेत. अध्यक्षांची अनुमती असेल तर माझा उरलेला वेळ मी त्यांना देते.